राखणीचं अर्धुक

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! सहा तासांचा बसप्रवास, त्यात शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्याची उशी केलेली. पण उतरल्यावर ठमीला पाहिलं आणि सगळा शीण पळाला. ठमी म्हणजे माझी धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची झाली, केस निम्मे पांढरे झाले, इथे सगळे तिला मॅडम म्हणतात; मला मात्र तिचं नाक पुसलेलं आठवतं. सहा वर्षांनी भेटत होतो. बसमध्ये मी पहिलं वाक्य दहा वेळा मनात जुळवलं होतं. तिने पुढे येऊन माझी पिशवी उचलली आणि यात काय दगड भरलेस का म्हणून विचारलं. जुळवलेलं सगळं तिथेच विसरले. मग लोक बघत असतानाही दोघी स्टँडवर उभ्या राहून पोटभर रडलो.

घर बंदराच्या वरच्या रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेची एक मोठी खिडकी. जागा छान, पण ओट्यावर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं, आणि बेसिनचं तर बोलायलाच नको. बत्तीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, काचेची भांडी धुण्यात जन्म गेला. डाग दिसला की माझा हात थांबत नाही. ठमी म्हणाली, ताई, आल्या आल्या फडकं नको गं घेऊस, आधी बस. मी फडकं घेऊनच बसले.

परवापासून कामावर जायचं. ठमीच्याच केंद्रात, तिच्याच शब्दावर, एक वर्षासाठी. काम काय, तर समुद्राच्या तळाचा चिखल बघून त्याचं वर्णन लिहायचं. निवृत्तीनंतर माणसं चार गावं बघतात, मी चिखल बघणार. पण खूप वर्षांनी एका छपराखाली आहोत. मला फार बरं वाटतंय आज.

५ मार्च, बुधवार

केंद्राचं भांडार म्हणजे एक लांबलचक थंड खोली. स्वेटर घालूनच आत जायचं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर गाळाच्या नळ्या ओळीने आडव्या ठेवलेल्या. बोटीवरून पोकळ नळी सोडतात, ती तळात रुतते, आणि वर येते तेव्हा शेकडो वर्षांचा गाळ थरांसकट तिच्यात असतो. इथे आणून ती उभी चिरतात. दोन अर्धुकं होतात. एक कामाचं: त्याचे नमुने काढायचे, मोजमापं घ्यायची, वाट लावायची. दुसरं राखणीचं: ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवून द्यायचं. पुढेमागे कुणाला शंका आली तर राखणीचं अर्धुक बघायचं, एरवी त्याला हात लावायचा नाही.

हे सगळं मला भांडारकाकांनी शिकवलं. सव्वीस वर्षं इथेच आहेत. माणूस हळू बोलतो आणि दर वाक्यानंतर हातमोजे ताणतो. त्यांचे नियम दोन. पहिला, प्लॅस्टिक काढलं की आधी रंग लिहायचा. हवा लागली की तासाभरात गाळाचा रंग बदलतो, मग लिहून उपयोग नाही. दुसरा, नळी वर ओढताना तोंडाशी चार बोटं गाळ हलतो, तो धरायचा नाही, खरवडून टाकायचा. हा दुसरा नियम मला फार आवडला.

८ मार्च, शनिवार

आज सुट्टी. सकाळी चहा घेताना ठमीने मला तिचं काम समजावलं. इथली जमीन खालून सतत दाबली जाते आहे, म्हणून हादरे बसतात. नदी वर्षानुवर्षं गाळ आणून समुद्रातल्या उताराच्या काठावर रचत राहते. एक हादरा पुरतो. रचलेलं सगळं दरडीसारखं सुटतं आणि पाण्याखालच्या घळीतून गढूळ लोट होऊन धावतं. तो लोट थांबला की आधी वाळू बसते, मग बारीक माती. तो झाला एक थर. थर मोजले की किती वेळा दरड आली ते कळतं. घळीचा पूर्वेचा कडा लाल, कारण नदीची लाल माती तिथे पडते. पश्चिमेचा राखाडी, जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा. थराच्या रंगावरून दरड कुठल्या कड्याची ते कळतं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही समुद्राच्या अंगावरचे डाग मोजता. तिला हसू आवरेना.

मग आपोआप बाबांचा विषय निघाला. निघायचाच होता. बाबा तीन आठवडे आजारी होते तेव्हा ही बोटीवर होती. मी कळवलं नाही. भर समुद्रात कशाला तिच्या जिवाला घोर, असं वाटलं. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि मी खोलीसुद्धा धुऊन काढली होती. तिने बाबांच्या उशीचा अभ्रा मागितला. तोही मी धुतला होता. त्यावर ती एक अक्षर बोलली नाही, आणि पुढे सहा वर्षं बोलली नाही.

आज म्हणाली, ताई, मला एकच वचन दे, वाईट बातमी माझ्यापासून लपवायची नाहीस. मी दिलं. तिचा हात धरून दिलं.

१२ मार्च, बुधवार

एक गंमत झाली. नऊ नंबरच्या नळीचं वर्णन लिहीत होते, एक थर नीट कळेना, म्हणून काकांना विचारून राखणीचं अर्धुक काढलं. दोन्ही जुळायलाच हवीत, एकाच नळीची ना! पण राखणीच्या अर्धुकाला तोंडाशी एक थर जास्त. दोन बोटांचा, खाली वाळू, वर मऊ माती, अगदी शिस्तीत बसलेला. कामाच्या अर्धुकात तो नाहीच. मी आधी स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं, मग चष्मा पुसला, मग काकांना बोलावलं.

काका थरापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते. म्हणाले, तोंडाचा गाळ आहे बाई, हलतो तो. वरचं वर काढून टाका. मी काढलं. कड कशी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आली. मला अशी कामं करताना गाणं म्हणायची सवय आहे, पण काका बाहेर निघून गेले म्हणून गप्प बसले.

१५ मार्च, शनिवार

सकाळी कपाटातले कप वाजले. मला वाटलं मोठा ट्रक गेला असेल. ठमी मात्र चपला घालून केंद्राकडे धावलीसुद्धा. दुपारी आली ती तोंड पाडून. जिथून नऊ नंबरची नळी काढली होती तिथे तळावर तिचं एक यंत्र ठेवलेलं होतं, हादरे ऐकणारं. ते मुकं झालं. दरड आली आणि गाडलं गेलं. यंत्राने शेवटी कळवलं होतं की दोन बोटं गाळ चढलाय.

दोन बोटं. मी म्हटलं, योगायोग. जगात गोष्टी दोन बोटांच्या असतातच.

१९ मार्च, बुधवार

अकरा नंबर. आज कुणी सांगितलं नव्हतं, मीच राखणीचं अर्धुक काढून पाहिलं. पुन्हा एक थर जास्त, जेमतेम बोटभर. चहाला गेले, परत आले तर दोन बोटं. मी टोपण लावून ठेवलेलं पेन त्याच्या शेजारी होतं, त्याच्या मापाने बघितलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. थरात नारिंगी दोराचा एक तुकडा होता, नखाएवढा. ओढला तर आत आणखी होता. मी ओढायचं थांबवलं.

मग खरवडलं. पाणी सोडलं, सगळं मोरीत घालवलं. जागा पुसून कोरडी केली. फळी स्वच्छ दिसल्यावर जरा जिवात जीव आला.

२१ मार्च, शुक्रवार

पुन्हा हादरा. अकरा नंबरच्या जागेवर बांधलेला तरंगता खूण-डबा नाहीसा झाला. त्याचा दोर नारिंगी होता. ठमीने जेवताना सहज सांगितलं, आणि माझा घास घशातच अडकला. ती पाठीवर थापट्या मारत राहिली.

मी आज भांडारकाकांना गाठलं. दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं. बराच वेळ हातमोजे ताणले त्यांनी. मग म्हणाले, राखणीचं अर्धुक थांबत नाही बाई. खाली जे व्हायचंय ते तिथे आधी बसतं. सगळ्याच नळ्यांत नाही, आणि नेहमीही नाही. माझ्या आधीच्या बाईंनाही ते दिसलं होतं, त्या सोडून गेल्या. मी विचारलं, आणि तुम्ही? ते म्हणाले, मी खरवडतो, सव्वीस वर्षं खरवडतोय. खरवडून टळत नाही काही, पण निदान घरी जाऊन दोन घास खाता येतात.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला त्यांचं म्हणणं चांगलंच कळलं, आणि त्याचीच भीती वाटली.

२३ मार्च, रविवार

ठमी आज लहान मुलीसारखी घरभर नाचते आहे. परवानगी आली. सत्तावीस तारखेला डबी खाली जाणार, चौदा नंबरच्या जागी. डबी म्हणजे त्यांची दोन माणसांची छोटी पाणबुडी. एक चालवणारा डबीवाला आणि एक ठमी. दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या घळीत उतरून तिथे हादरे ऐकणारी सहा यंत्रं ठेवायची. ती बसली की दरड सुटताक्षणी किनाऱ्याला कळेल, आणि मागून लाट आलीच तर बंदरावरच्या माणसांना चढण चढायला अर्धा तास मिळेल. आठ वर्षं ती याच परवानगीमागे आहे. मला म्हणाली, ताई, हे झालं की मी सुखाने म्हातारी होईन.

मी हसले. मनात चौदा, चौदा, चौदा चाललं होतं.

२४ मार्च, सोमवार

कुलूप उघडल्या उघडल्या चौदा नंबर बघितला. राखणीचं अर्धुक स्वच्छ, कामाच्या अर्धुकाशी थरास थर जुळतं. जीव भांड्यात पडला. काकांना चक्क मी चहा करून दिला.

२५ मार्च, मंगळवार

आहे. बोटभर. वरून चाचपूनच कळलं, प्लॅस्टिक काढलं नाही.

आज सांगायचं असं ठरवून घरी आले. ती जमिनीवर बसून पिशवी भरत होती, मोजे, वह्या, गोळ्या, आणि बाबा म्हणायचे ते गाणं गुणगुणत होती. सहा वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा तिने बाबांचं गाणं म्हटलं. मी दारात उभी राहिले. काय सांगू? की चिखल वाढतोय? हसली असती. हसली नसती तर त्याहून वाईट, तिला वाटलं असतं की ताईला मला घरात डांबून ठेवायचंय. आत्ता कुठे माझ्याशी बोलायला लागली आहे.

मान वर करून तिने विचारलं, ताई, काही झालंय का? मी म्हटलं, डोकं दुखतंय गं. ती उठून बाम घेऊन आली आणि माझ्या कपाळाला चोळत बसली.

२६ मार्च, बुधवार

सकाळी चार बोटं. आतून काही दिसेल या भीतीने मी दिवा बंद केला आणि अंधारातच खरवडलं. हाताला वाळू लागत होती, मग मऊ, मग पुन्हा वाळू. मोरीत पाणी सोडून तिथेच बसून राहिले.

दुपारी ती बोटीवर चढली. धक्क्यावर मी तिच्या स्वेटरवरचा एक धागा काढला, कॉलर सारखी केली. आत्ता सांग, आत्ता सांग, असं स्वतःला बजावत होते. तोंडून निघालं ते, वेळेवर जेव. ती हात हलवत राहिली. मी घरी येऊन खिडकीच्या काचा धुतल्या, सगळ्या.

२७ मार्च, गुरुवार

लिहायलाच हवं. जसं झालं तसं लिहायचं.

सकाळी साडेआठला भांडार उघडलं. चौदा नंबरच्या राखणीच्या अर्धुकावर हाताच्या पंजाएवढा थर. प्लॅस्टिक फाटलं होतं. आणि मी बघितलंच नाही. माझा हात आधी चालला. बत्तीस वर्षांची सवय, डाग दिसला की — सगळं खरवडलं, मोरीत लोटलं, पाणी सोडलं, हातसुद्धा धुतले, साबण लावून धुतले. आणि मग कुठे भान आलं की ठमी खाली आहे. धावत संदेशखोलीत गेले.

बोटीवरच्या माणसाने किनाऱ्याचा फोन आणि पाण्याखालचा फोन एकमेकांच्या तोंडाला लावून धरले. पाण्यातून येणारा आवाज लांबट होतो आणि उशिरा येतो. मी रडत, अडखळत सगळं सांगितलं. नऊ नंबर, अकरा नंबर, काका, चौदा.

ती हसली नाही. मला वेडं म्हणाली नाही. तिने लगेच विश्वास ठेवला. मी जन्मभर हे विसरणार नाही. शांतपणे एवढंच म्हणाली की वर यायला दोन तास लागतील, घळ चिंचोळी आहे, कुठल्यातरी एका कड्याला चिकटूनच वर येता येईल. ज्या कड्यावरून दरड सुटणार त्याच्या समोरचा कडा धरायला हवा. मग विचारलं, ताई, रंग सांग. थराचा रंग कुठला? लाल की राखाडी?

मी बघितला नव्हता.

मोरी धुतलेली होती. हात धुतलेले होते. नखात काही राहिलंय का म्हणून मी नखं बघितली, नखंसुद्धा स्वच्छ. तिने पुन्हा विचारलं. डबीवाला मागून काहीतरी म्हणत होता. बघितलाच नाही, असं मला म्हणता आलं असतं. पण तिला ते सांगायची लाज वाटली. मला तेही धुऊन टाकायचं होतं. मोरीत पाणी जाताना कसं दिसलं ते आठवायचा प्रयत्न केला. पिवळ्या दिव्यात सगळंच चहासारखं दिसतं.

म्हटलं, राखाडी.

ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की.

म्हणजे पश्चिमेचा कडा सुटणार, आम्ही पूर्वेच्या कड्याला चिकटतो, असं ती म्हणाली. आणि म्हणाली, सांगितलंस ते फार बरं केलंस, ताई.

चाळीस मिनिटांनी कप वाजले. संदेशखोलीतले, टेबलावरचे. त्यानंतर फोनमधून आवाज आला, खडी ओतल्यासारखा. मग काही नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काही नाही.

३१ मार्च, सोमवार

बोट परत आली. डबी नाही. बोटीचा कप्तान मला भेटायला घरी आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, बसेना. वर समुद्र सपाट होता म्हणाला, आम्हाला कळलंसुद्धा नाही. दरड कुठल्या कड्यावरून आली असं मी विचारलं. तो म्हणाला, ते कधीच कळणार नाही, खाली सगळं एक झालंय. डबीवाल्याची बायको धक्क्यावर बसून आहे. तिच्यासमोरून जायची माझी हिंमत नाही.

कधीच कळणार नाही. म्हणजे मी तिला वाचवायला निघाले होते की माझ्याच तोंडाने तिला दरडीखाली पाठवलं, हे कधीच कळणार नाही.

तिच्या अंथरुणाला मी हात लावलेला नाही. उशीचा अभ्राही तसाच आहे.

१ एप्रिल, मंगळवार

केंद्र महिनाभर बंद. भांडारकाका किल्ल्या जमा करायला निघाले होते. मी चौदा नंबरचं राखणीचं अर्धुक मागितलं. नियमात बसत नाही म्हणाले, आणि स्वतःच ओल्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाले, बाई, कापड सोडू नका. खालच्या पायरीवर बसले आणि हातमोज्यांनी डोळे पुसले. मला म्हणाले, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी खरवडायला शिकवायला नको होतं.

जड आहे. तिन्ही जिने चढताना दोनदा टेकले. ठमीच्या पलंगावर ठेवलंय.

३ एप्रिल, गुरुवार

कापड फुगलंय. कडेने पाणी येतंय, चादरीवर ओल पसरली आहे. वाढतोय. मी पुसत नाही.

सोडून बघितलं की रंग दिसेल. म्हणून सोडत नाही.

राखाडी असेल तर मी खरं बोलले आणि तरी ती गेली. लाल असेल तर —

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी तीन. स्वयंपाकघरात होते. ठमीच्या खोलीतून आवाज आला. फोनमधून यायचा तसा, लांबट, प्रत्येक अक्षर सुटं.

ता ई. रं ग.

मी ओटा घट्ट धरून उभी राहिले.

पुन्हा आला. घाबरलेला नाही. तसाच शांत, सत्तावीस तारखेला होता तसा. ता ई रं ग सां ग.

मी पळाले. चपला न घालता जिना उतरले, रस्त्यावर उभी राहिले. खाली बंदरावर माणसं येत-जात होती. कुणाला काय सांगणार!

५ एप्रिल, शनिवार

रात्रभर जिन्यात बसले होते. उजाडल्यावर वर आले. अजून विचारते आहे. दर थोड्या वेळाने. थकत नाही.

गाळ कापडासकट अर्धुकाबाहेर फुगलाय. उशीपर्यंत.

मला भीती वाटते. तिची नाही. तिची कशी वाटेल? मला काय उत्तर द्यावं लागेल त्याची.

आत्ता एक लक्षात आलं. सावकाश लिहिते. नऊ नंबरला थर आधी, दरड मागून. अकरा नंबरला थर आधी, दोर मागून तुटला. राखणीच्या अर्धुकात जे दिसतं ते अजून झालेलं नसतं. मग ती विचारते आहे ती कुठून? तिथे अजून सत्तावीस तारीख आहे. तिथे अजून चाळीस मिनिटं —

ठमे, तू अजून खाली आहेस.

६ एप्रिल, रविवार

सकाळचे सात. पूर्वेची खिडकी उघडली. ऊन येऊ दे. भांडारातल्या दिव्यावर विश्वास नाही.

आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की मी चुकलेली असू दे. लाल असू दे. राखाडी असेल तर सांगायला काहीच उरत नाही. लाल असेल तर मीच पाठवलं तिला तिथे, माझ्याच शब्दाने — पण मग अजून सांगता येईल. लाल असू दे. देवा, लाल असू दे.

अर्धुक ओढत खिडकीपाशी आणलं. कापडाखालचा गाळ माझ्या मनगटांपर्यंत. थंड. वहीचं पान भिजतंय. पुसत नाही. ठमे, बघ, पुसत नाही मी.

कप वाजतायत.

विचारते आहे. ता ई —

थांब. बघते. या वेळी आधी बघते. कापड सोडलं —

लाल

लाल आहे. ठमे, लाल. मी खोटं बोलले, बघितलाच नव्हता मी. लाल आहे, पूर्व सुटणार, पूर्व सोड. पश्चिमेचा कडा धर. ऐकू येतंय का? पश्चिमेचा. लगेच तिथून नि